आजारातून उठल्यावर पहिला आठवडा कसा लावावा: फ्रीलान्स मीडियावाल्यांसाठी

पावसाळा सरता सरता कोल्हापुरात आमच्या धंद्यातला कोणी ना कोणी डेंग्यू, टायफॉइड नाहीतर चिकुनगुनियानं आडवा होतोच. तो उठून बसतो तेव्हा नवरात्र तोंडावर आलेलं असतं. म्हणजे कामं सगळ्यात जास्त आणि अंगात ताकद सगळ्यात कमी. पगारी माणसाला रजा असते. आपल्याला मात्र काम केलं तरच पैसे, त्यामुळे हा आठवडा नीट लावावा लागतो.

डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली आहे आणि औषधांचा कोर्स पुरा झाला आहे, असं धरून लिहितोय. ताप परत आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, टायफॉइड उलटतो.

सोमवारी सामान बघा. बॅटऱ्या चार्ज करा, कार्डं रिकामी करा, लेन्स उजेडाकडे धरून बुरशी तपासा.

मंगळवारी येणी. आजारपणात थकलेली बिलं पुन्हा पाठवा, तारीख आणि कामाचा तपशील घालून. 'उद्यम' नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) नसेल तर करून टाका, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. एजंटाला पैसे देऊ नका. २००६ च्या सूक्ष्म, लघु उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्याचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. भांडायला जाऊ नका, बिलाखाली ही एक ओळ छापा. काही ठिकाणी तेवढ्यानं काम होतं.

बुधवारपासून फोन सुरू होतात आणि खरी कसोटी तिथं आहे. 'हो' कशाला म्हणायचं, हे मला बरीच वर्षं जमत नव्हतं. 'हळूहळू सुरुवात कर' हा सल्ला सगळे देतात, पण हळूहळू म्हणजे काय ते कोणी सांगत नाही. आमच्या कामात हळूहळू असं काही नसतंच. पालखी निघाली की निघाली.

पहिली गोष्ट, 'परत कामावर हजर' असलं स्टेटस टाकू नका. सगळे एकदम फोन करतात. 'काय भावा, झालास का टकाटक? पंचमीला ये की मग!' या प्रश्नाला तोंडातून आपोआप 'हो' निघतं. त्याऐवजी नेहमीच्या दोन-तीन माणसांना स्वतः फोन करा आणि तब्येतीचं पुराण न लावता तारखा सांगा: 'स्क्रिप्ट आणि एडिट आजपासून घेतो, घरात बसून होणाऱ्या मुलाखती पुढच्या आठवड्यापासून, गर्दीतलं शूट दसऱ्यानंतर.' समोरच्याला तुमचे प्लेटलेट किती झाले यात रस नसतो, त्याला त्याचं पान किंवा बुलेटिन भरायचं असतं. तारीख मिळाली की तो कामाला लागतो. तुमचं 'बघतो, जमेल बहुतेक' त्याला जास्त अडचणीत टाकतं.

दुसरी गोष्ट, कोणतं काम अंगावर येतं ते आजारावर ठरतं. चिकुनगुनिया झाला असेल तर मनगटं आणि बोटं महिनोन्‌महिने कुरकुरतात, त्यामुळे गिंबल (कॅमेरा हलू नये म्हणून हातात धरायचा दांडा) विसरा आणि टायपिंगही मोजून करा. छातीत कफ होता त्यानं लांबलचक व्हॉइसओव्हर घेऊ नये. तिसऱ्या परिच्छेदात आवाज बसतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. डेंग्यूनंतर रिपोर्ट नॉर्मल आला तरी थकवा काही आठवडे राहू शकतो. रिपोर्ट दाखवून 'आता काय झालंय तुला' म्हणणारे घरातही असतात. त्यांचं ऐकू नका.

नवरात्रातली कामं वेगवेगळी मोजा. अंबाबाईची रोजची पूजा टिपून येणं जमण्यासारखं, पण मंदिराभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद असतात आणि बॅग घेऊन चालावं लागतं, ते धरा. ललितापंचमीला पालखी त्र्यंबोलीच्या टेकडीवर जाते. चाल, ऊन आणि रेटारेटी तिन्ही एकदम, ते या वर्षी दुसऱ्याला द्या. अष्टमीची नगरप्रदक्षिणा रात्रीची आहे, झोप मोडते, तीही नको. दसरा चौकातलं सीमोल्लंघन दिसायला सोपं. सोनं लुटण्याचा क्षण सूर्यास्ताच्या सुमाराचा, थोडक्यात आटोपणारा. पण त्या क्षणासाठी जागा धरून दुपारपासून उभं राहावं लागतं. मोजायचं ते उभं राहणं. 'अर्ध्या दिवसाचं शूट' हा शब्द कोणी वापरला तर पाहुणे किती वाजता येणार ते विचारा, आणि उत्तरात दोन तास मिळवा.

यातलं काहीही घेण्याआधी एक चाचणी करा. शूटला भरता तशी पूर्ण बॅग भरा, ट्रायपॉडसकट. रंकाळ्यावर जा, तासभर उभं राहून काहीबाही शूट करा, घरी येऊन त्याच संध्याकाळी ते कापून पाठवण्यासारखं करा. त्या दिवशी सगळं जमेल. कॅमेरा हातात आला की अंगात येतंच. निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठून चहा करावासा वाटला तर एक छोटं आउटडोअर घ्या. अंथरुणातच दुपार झाली तर आणखी आठवडाभर डेस्क. 'चालायला जमतंय म्हणजे कामाला जमतंय' असं सांगणाऱ्यानं खांद्यावर कॅमेरा घेऊन गर्दीत कधी पाय रोवलेले नसतात.

एक फोन हमखास येतो: 'मागचं राहिलेलं तेवढं याच पैशात करून दे, आम्ही थांबलो होतो ना.' थांबल्याबद्दल आभार माना, राहिलेलं काम ठरलेल्या दरात पूर्ण करा, वाढीव कामाचं वेगळं बिल लावा. आजारी पडणं ही चूक नव्हे, त्यावर डिस्काउंट नसतो.

शुक्रवार-शनिवार डेस्कची कामं, आणि दुपारी झोप. झोपेच्या वेळेत फोन दुसऱ्या खोलीत.

रविवारी पुढच्या तीन महिन्यांचं बघा. आरोग्य विमा असेल तर नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, कारण मुदत चुकली की जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ (ज्यात त्यांचा खर्च विमा देत नाही) पुन्हा सुरू होण्याची भीती असते. मग आपल्याच कामातल्या एका भरवशाच्या माणसाला चहाला बोलवा आणि स्पष्ट ठरवा: मी पडलो तर माझं काम तू करायचंस, तू पडलास तर तुझं मी. पैसे काम करणाऱ्यालाच, क्लायंट मात्र मूळ माणसाचा राहील. एका मेसेजमध्ये लिहून दोघांनी 'ठरलं' असं उत्तर द्या. चहाचे पैसे तुम्ही द्या, पंचमीचं शूट त्याच्याकडेच जाणार आहे.