ओटीवरचा टाळ मागे का पडतो? या चुका टाळा

गणपतीत मालवणजवळच्या आमच्या घरी वाय-फायवरून एकच गाणं वाजवणारे तीन प्लेअर लागतात: माजघरात, ओटीवर आणि खळ्यात. सकाळी ७ वाजता भजन लावलं तेव्हा तिन्हीकडे टाळ एकच. ८ वाजता ओटीच्या उंबऱ्यावर उभा राहिलो, तर तोच टाळ दोनदा. छन्न-छन्न!

पहिली चूक इथेच होते. राउटरला दोष देऊन आपण नेटचा वेग वाढवून घेतो. अहो, सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट लागतात. खरी गडबड घड्याळाची आहे. प्रत्येक प्लेअर स्वतःच्या क्वार्ट्झ क्रिस्टलच्या ठोक्यावर सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची बारीक मोजमापं) वाजवतो आणि कुठलेही दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत ५० इतका फरक धरा, तासाभरात १८० मिलिसेकंद झाले. ३०-४० मिलिसेकंदांपुढे कान दोन आवाज वेगळे करतो, टाळासारखा तोडका आवाज तर त्याच्याही आधी. म्हणजे पाव तासातच रसभंग.

बंद-चालू करणं ही दुसरी चूक. थोडा वेळ सूर जुळतो आणि पुन्हा सुटतो. फरक हळूहळू वाढतोय, याचाच तो पुरावा. उलट सुरुवातीपासून फरक तेवढाच राहत असेल, तर एखादा स्पीकर ब्लूटूथवर आहे का ते बघा. तो उशीर ठरलेला असतो, सेटिंगमध्ये एकदा भरला की झालं.

तीन ठिकाणी तीन वेगळी ॲप लावून एकच गाणं सुरू करू नका. स्नॅपकास्टसारखा (घरभर एकच गाणं पाठवणारं सॉफ्टवेअर) एकच सर्व्हर ठेवा. कुठला नमुना कधी वाजवायचा हे तो सांगतो आणि प्लेअर सतत थोडं पुढेमागे होऊन जुळवून घेतात. पण चिऱ्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय अडखळलं की वेळेचा हा हिशेबही चुकतो. शक्य तिथे सरळ केबल ओढा, नाहीतर निदान वाय-फायचं पॉवर सेव्हिंग बंद करा.

तपासताना मोबाइल दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये ठेवून टिक-टिक रेकॉर्ड करा. एका बाजूला सरकलात तर आवाजाला १२ मीटरला ३५ मिलिसेकंद लागतात, आणि तो फरक कुठलंच सेटिंग सगळीकडून घालवू शकत नाही. आणि पाच मिनिटांत उठू नका. तासाभराने पुन्हा रेकॉर्ड करा, मगच चतुर्थीच्या तयारीला लागा.