पाण्याचं रॉकेट उडवायचंय? आधी लाँचर नीट बनवा

पाण्याच्या रॉकेटला दारू लागत नाही, ठिणगी लागत नाही. कोल्ड्रिंकची बाटली, पाणी आणि सायकलचा पंप एवढ्यावर ते उडतं. पण बहुतेक जण बाटलीच्या तोंडात बूच ठोकतात आणि हवा भरत बसतात. बूच कधी सुटेल याचा नेम नसतो. माझं पहिलं रॉकेट असंच पंप मारता मारता सुटलं आणि शेजारी वाकून बघणाऱ्या भाच्याच्या कानाजवळून गेलं. रॉकेट आपण सांगू तेव्हाच आणि आपण लांब असतानाच सुटलं पाहिजे, हे त्या दिवशी पक्कं ठरलं. त्यासाठी लाँचर हवा, म्हणजे रॉकेट धरून ठेवणारा आणि दोरी ओढली की सोडणारा स्टँड.

प्लंबिंगच्या दुकानात रिकामी बाटली घेऊनच जा. अर्धा इंची यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा) पाइप मागा, जाड भिंतीचा, शेड्यूल ८०. त्याचा बाहेरचा व्यास साधारण २१ मिलिमीटर असतो आणि तो बाटलीच्या तोंडात सहज सरकतो. अर्धा इंची सीपीव्हीसी मात्र जेमतेम १६ मिलिमीटरचा, तो उपयोगाचा नाही.

पाइपाचा ४० सेंटिमीटरचा तुकडा कापा. वरून अंदाजे २५ सेंटिमीटरवर इन्सुलेशन टेप गुंडाळून कडा तयार करा, बाटलीचं तोंड त्यावर टेकेल. कडेच्या एक सेंटिमीटर वर कानशीने उथळ खाच पाडा आणि त्यात रबरी ओ-रिंग बसवा. बाटली थोडा जोर लावून बसली पाहिजे. इथे घाई केलीत तर पुढे सगळीकडून हवा गळेल. खाच एकदम खोल करू नका. थोडं घासा, बाटली लावून बघा, पुन्हा घासा.

आता पकड. बाटलीच्या मानेला जी गोल कडा असते, तिच्यावर केबल टायची (वायरी बांधायच्या प्लास्टिक पट्ट्यांची) डोकी अडकवायची. आठ-दहा टाय पाइपाभोवती उभे लावा, डोकी वर, आतल्या बाजूला वळलेली, आणि खाली होज क्लिपने आवळा. त्यांच्यावरून मोठ्या पाइपाचा पाच सेंटिमीटरचा तुकडा कड्यासारखा सरकवा. हे कडं वर असेपर्यंत डोकी बाटली सोडत नाहीत. खाली ओढलं की सगळी एकदम उघडतात.

पाइप जाड प्लायवूडवर क्लॅम्पने उभा पक्का करा. खाली एल्बो (काटकोनी जोड), मग आट्यांचा पितळी जोड, होज निपल (होज चढवायचं टोक) आणि कॉम्प्रेसरचा ६ मीटर एअर होज. होजच्या दुसऱ्या टोकाला जुन्या ट्यूबचा धातूचा वॉल्व्ह क्लिपने आवळा. वॉल्व्ह आपल्या हाताशी असल्यामुळे रॉकेट अडकलं तर जवळ जावं लागत नाही, पिन दाबली की हवा निघून जाते. कड्याला दोन बाजूंनी दोरी बांधून फळीवरच्या हुकांतून ओवा आणि ८ मीटर लांब न्या. प्लास्टिकचे सांधे सॉल्व्हंट सिमेंटने (पाइप चिकटवायच्या द्रावाने) जोडा आणि ते २४ तास वाळू द्या.

पहिली चाचणी हवेवर नको. पीव्हीसी हवेच्या दाबाने फुटला तर तुकडे उडतात. बाटली, पाइप, होज सगळं पाण्याने काठोकाठ भरा आणि दाबाचा काटा असलेल्या पंपाने दाब ७५ पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पाउंड दाब) न्या. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा गेला तरी नुसती चिळकांडी उडते. उडवताना मात्र ५० पीएसआयच्या वर जाऊ नका.

बाटली फसफसणाऱ्या पेयाचीच हवी, मिनरल वॉटरची पातळ असते. पंख पुठ्ठ्याचे चालतात, नाकाला स्पंजचा चेंडू लावा. तोल सांभाळतो तिथे दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती फिरवून बघा. नाक पुढे राहिलं तर ते सरळ जाईल. डगमगलं तर नाकात थोडी माती भरा.

मोकळं मैदान, वर विजेच्या तारा नाहीत, फळी खुंट्यांनी जमिनीत रोवलेली. बाटलीत एक तृतीयांश पाणी घ्या, लाँचर उलटा करून पाइप आत घाला, मग सरळ उभा करा. पाइपाचं टोक पाण्याच्या वर राहतं, म्हणून पाणी होजमध्ये उतरत नाही. सगळ्यांना दोरीच्या टोकामागे उभं करा. बाटलीवर कोणी वाकायचं नाही, अगदी ‘गळतंय का बघतो’ म्हणूनही नाही.

पंप मारा, काटा ५० वर आला की थांबा. तीन, दोन, एक, आणि दोरी झटक्यात ओढा.