स्वाराच्या वजनानुसार स्नोमोबाइलचं सस्पेन्शन: बर्फावर उतरण्याआधी

पान्याआधी वही हातात घ्या. मागच्या टॉर्शन स्प्रिंगचे (पिळाने ताण घेणाऱ्या स्प्रिंगचे) कॅम, म्हणजे तो ताण बदलणारे ठोकळे, कोणत्या खाचेवर आहेत, कॉइल स्प्रिंगच्या रिंगवर किती आटे दिसतात, क्लिकर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरची हालचाल हळू-जलद करणारे खटके) पूर्ण बंद स्थितीपासून किती उघडे आहेत, सगळं टिपून ठेवा. घडी बिघडली तर मागे यायला वाट हवी. मग ट्रॅकच्या आतला गोठलेला बर्फ काढा, सांध्यांना ग्रीस द्या आणि शॉकच्या दांड्यावर तेल दिसतंय का ते पाहा. गळक्या शॉकवर सेटिंग म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. स्कीखालचे कार्बाइड (बर्फात पकड देणाऱ्या कठीण पट्ट्या) झिजले असतील तर तेही आधीच बदला, नाहीतर त्यांचा दोष उगाच स्प्रिंगच्या माथी जाईल.

खरं काम वजनाचं. स्वाराने हेल्मेट, बूट, जाड कपडे, पाठीवरची बॅग असा पूर्ण जामानिमा करूनच बसावं. घरच्या कपड्यांतलं माप फसवतं. आधी मागचा बंपर उचलून सस्पेन्शन पूर्ण सैल होऊ द्या आणि जमिनीपासूनची उंची मोजा. मग स्वाराला नेहमीच्या जागी बसवा, दोन-चार हलके हेलकावे देऊ द्या (सांध्यांतलं घर्षण सुटतं) आणि पुन्हा मोजा. फरक म्हणजे सॅग. वाटेवरच्या स्वारीसाठी साधारण 3 ते 4 इंच ही चांगली सुरुवात, पण मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा. मशीन जास्त बसतं? प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) वाढवा, दोन्ही बाजूंना सारखाच. कॅम शेवटच्या खाचेवर नेऊनही बसतंच असेल, तर जाड स्प्रिंग घ्या. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, मशीन फक्त उंच उभं राहतं. बरेच जण इथेच पैसे वाचवतात आणि मग हंगामभर क्लिकरशी झटापट करत बसतात.

मागची बाजू जमली की मधला शॉक (ट्रॅकच्या आतला पुढचा). त्याचा प्रीलोड वाढवला की स्कीवरचा भार कमी होतो, हँडल हलकं होतं. वळणात पुढची बाजू सरळच घसरत असेल तर तो कमी करा किंवा लिमिटर स्ट्रॅप (ट्रॅकच्या सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली उघडेल ते ठरवणारा पट्टा) एक भोक आखूड करा. खोल भुसभुशीत बर्फात उलट, स्ट्रॅप सैल केलेला बरा. स्की वर येतात. स्ट्रॅपला हात लावलात की ट्रॅकचा ताण पुन्हा तपासा. स्कीच्या स्प्रिंग शेवटी, तेही थोडंथोडंच.

क्लिकरची पाळी त्यानंतर. एका वेळी एकच बदल, आणि चाचणी त्याच खडबडीत पट्ट्यावर. धक्क्यानंतर मागची बाजू उसळत असेल तर रिबाउंड (दबलेल्या शॉकचं परत उघडणं) हळू करा. लागोपाठच्या उंचवट्यांवर मशीन खाली खाली दबत जात असेल तर रिबाउंड मोकळा करा. कॅमचा पाना सीटखाली ठेवा: मागे दुसरा माणूस बसणार असेल तर निघण्यापूर्वी कॅम वर, तो उतरला की परत खाली.