डायोड कोणत्या पदार्थाचा आहे, हे मल्टिमीटरने कसे ओळखावे

सेमीकंडक्टर म्हणजे अर्धवाहक, एवढी व्याख्या शाळेत पाठ होते आणि तिथेच राहते. साध्या डिजिटल मल्टिमीटरवर हा पदार्थ चक्क मोजून पाहता येतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा जवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १एन४००७ मागा. हा सिलिकॉनचा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा अर्धवाहकाचा भाग, काही रुपयांत मिळतो. सोबत १एन३४ए हा जर्मेनियमचा (मिळाला तर; हल्ली तो शोधावा लागतो), एक लाल आणि एक निळा एलईडी घ्या.

१. मीटरचा खटका डायोडच्या चिन्हावर आणा. लाल प्रोब पट्टी नसलेल्या टोकाला, काळा पट्टीच्या टोकाला लावा. ४००७ वर ०.५ ते ०.६ व्होल्टच्या आसपास आकडा येईल. प्रोब उलटे करा, व्होल्टचा आकडा येणार नाही, फक्त मापाबाहेरची खूण (OL किंवा डाव्या कोपऱ्यात नुसता १) दिसेल.

असं का होतं? सिलिकॉनच्या अणूत बाहेरचे चार इलेक्ट्रॉन असतात आणि चारही शेजारच्या अणूंशी बांधलेले, म्हणून शुद्ध सिलिकॉनमधून वीज जेमतेम वाहते. त्यात पाच इलेक्ट्रॉनवाल्या फॉस्फरसचा अंश मिसळला की एक इलेक्ट्रॉन मोकळा उरतो. हा एन प्रकार. तीनवाला बोरॉन मिसळला की एक जागा रिकामी राहते. हा पी प्रकार. दोन्ही जिथे भिडतात तिथे उंबरठा तयार होतो. तो ओलांडायला लागणारा विजेचा दाब (व्होल्टेज) म्हणजे मीटरवरचा तो आकडा.

२. आता जर्मेनियम तपासा. आकडा ०.३ च्या जवळ येईल, कारण त्यातले इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेत सुटतात. १एन५८१९ सारखा शॉट्की डायोडही (यात पी-एन जोडाऐवजी धातू आणि अर्धवाहकाचा जोड असतो) कमीच दाखवतो, पण तो सिलिकॉनचाच असतो. म्हणजे नुसत्या आकड्यावर भिस्त नको, वरचा नंबरही वाचा.

३. ४००७ मीटरला लावलेला असतानाच त्याच्याजवळ गरम सोल्डरिंग आयर्न धरा, चिकटवू नका. आकडा उतरू लागेल, दर अंश सेल्सिअसला साधारण २ मिलिव्होल्ट. तापमान मोजणाऱ्या बऱ्याच चिप याच गुणावर चालतात.

४. एलईडी हाही डायोडच. त्यात लाल प्रोब लांब पायाला लावा. लालवर १.७ च्या आसपास येईल. निळा गॅलियम नायट्राइडच्या कुळातला, त्याला अडीच व्होल्टच्या वर लागतात. स्वस्त मीटर तेवढा दाब देत नाही आणि डाव्या कोपऱ्यात नुसता १ दाखवतो. लगेच एलईडी फेकू नका. मदरबोर्डवर असतो तसला ३ व्होल्टचा बटण सेल लावून बघा, लांब पाय धन बाजूला.