लग्नाची व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना

कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी टॉर्च घ्या आणि तिच्या पारदर्शक खिडकीतून रिळाची कड बघा. टेप काळपट, सपाट आणि एकसारखी गुंडाळलेली दिसली तर ठीक. कडेवर पांढुरके ठिपके किंवा पिठासारखी पूड दिसली तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत, गोव्यात चार पावसाळे कपाटाच्या तळाशी काढलेल्या कॅसेटला ती सहज धरते. अशी कॅसेट चांगल्या मशिनमध्ये लावूच नका. बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर चिकटते, चित्र जातं आणि त्यानंतर लावलेल्या धडधाकट कॅसेटलाही तिची लागण होते.

बुरशी लागलेली कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात दोन-तीन आठवडे ठेवा. ओली बुरशी पुसताना पसरते, वाळलेली निघून येते. उन्हात मात्र ठेवू नका, टेप वाकडी होते. पुसायचं काम एखाद्या टाकाऊ मशिनवर, तोंडाला मास्क लावून करायचं. बुरशी फार असेल तर ती कॅसेट जाणकाराकडेच द्या.

व्हीसीआर आता जुनाच मिळणार. जपानच्या फुनाई कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. मशीन घेताना नको असलेली एक कॅसेट सोबत न्या. ती पाच मिनिटं चालवा, पुढे-मागे करा, बाहेर काढा आणि टेपची कड चुरगळली आहे का ते बघा. चुरगळली असेल तर आतला रबरी रोलर कडक झालाय. ते मशीन तुमची कॅसेट खाणार, घेऊ नका.

हेड साफ करायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साधा पांढरा कागद पुरतो. प्लग काढा आणि व्हीसीआरचं वरचं झाकण उघडा. कागदाची घडी अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या धातूच्या नळकांड्याला हलकेच टेकवा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून धरून सावकाश फिरवा. कागद जागेवर, फिरायचं ते ड्रमने. खाली-वर घासलंत तर हेडचं इवलंसं टोक तुटतं आणि ते परत बसत नाही. कानात घालायची कापसाची काडी इथे चालत नाही, तिचे धागे टोकात अडकतात. कागदावर तपकिरी रेघ उमटली की मळ निघतोय. रेघ उमटायची थांबेपर्यंत नवा कागद घेत राहा, मग पंधरा मिनिटं वाळू द्या.

जोडणी सोपी आहे. पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. तिन्ही यूएसबी कॅप्चर डिव्हाइसमध्ये (व्हीसीआरचं चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या छोट्या उपकरणात) घाला आणि डिव्हाइस यूएसबी हबऐवजी थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा. व्हीसीआरला एस-व्हिडिओची (चित्राच्या गोल, पिनांच्या वायरची) जागा असेल तर पिवळ्याऐवजी ती वापरा. आपल्याकडच्या कॅसेट पाल या टीव्ही पद्धतीच्या, म्हणजे चित्र ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेली कॅसेट तिथल्या एनटीएससी पद्धतीची असते. ती चालवू शकणारा व्हीसीआर लागतो आणि सेटिंगही बदलावं लागतं. चित्र कृष्णधवल येत असेल तर बहुतेक वेळा पद्धत चुकीची निवडलेली असते, किंवा वायर पिवळी आणि सॉफ्टवेअरमध्ये एस-व्हिडिओ असा घोळ असतो.

रेकॉर्डिंगला व्हर्च्युअलडब-२ हे सॉफ्टवेअर वापरा, कॉम्प्रेशन हफवायूव्ही (चित्र न बिघडवता फाइल दाबणारं), आवाज ४८,००० हर्ट्‌झ. तासाला साधारण ३० जीबी जागा जाते, म्हणजे ई-१८० या तीन तासांच्या कॅसेटला ९० जीबी धरून चला. एवढी जागा कशाला, असं वाटेल. पण टेप प्रत्येक वेळी चालवताना थोडी झिजते, म्हणून पहिलीच प्रत उत्तम घ्यायची आणि पुढची सगळी काटछाट त्या फाइलवर करायची. हार्ड ड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी-३२ असेल तर ४ जीबीला रेकॉर्डिंग तुटेल. एनटीएफएस करून घ्या, पण फॉरमॅट केल्यावर त्यावरचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा.

आधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन मागे आणा, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. चित्रात आडवे पांढरे पट्टे असतील तर व्हीसीआरचं ट्रॅकिंगचं बटण दाबत दाबत ते खाली घालवा. तळाशी राहणारी वेडीवाकडी बारीक पट्टी नेहमीचीच, तिची काळजी नको. रेकॉर्डिंग चालू असताना सॉफ्टवेअरमधला 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा, म्हणजे सुटलेल्या फ्रेमचा आकडा बघत राहा. तो वाढू लागला की मंगलाष्टकं चालू आणि अंतरपाट केव्हाच दूर झालेला, अशी आवाज-चित्राची फारकत होते. कारण बहुधा मध्येच आलेली कोरी टेप किंवा डळमळता सिग्नल. कोऱ्या भागाच्या आधी थांबा, पुढून नवी फाइल सुरू करा. तरीही आकडा वाढला तर व्हीसीआर आणि डिव्हाइस यांच्यामध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून बघा. बरेच रेकॉर्डर सिग्नल स्थिर करून देतात.

आवाज एकाच कानात आला तर बहुधा व्हीसीआर मोनो आहे, म्हणजे आवाज एकाच वायरीतून येतोय. एडिटिंगमध्ये तोच आवाज दोन्ही बाजूंना द्या.

आता लोकांना दाखवायची प्रत. टेपवरचं चित्र एकाआड एक ओळींचं असतं, म्हणून कॉम्प्युटरवर हलत्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस (ओळी जुळवून पूर्ण चित्र करणं) 'बॉब'वर ठेवा आणि फ्रेम रेट ५० करा, हालचाल टेपवर होती तशी गुळगुळीत राहते. हालचाल पुढे-मागे थरथरली तर ओळींचा क्रम उलटा पडलाय, तो बदला. यूट्यूबसाठी आकार १४४० बाय १०८० करा, कारण तिथे ५० फ्रेम ७२०पी आणि त्यावरच टिकतात. पडदा भरावा म्हणून चित्र आडवं ताणू नका, वरात सगळी बुटकी दिसते.

लग्नाच्या कॅसेटवर व्हिडिओवाल्या दुकानदाराने घातलेली सिनेमाची गाणी असतातच, त्यावर यूट्यूबचा कॉपीराइट दावा येऊ शकतो. घरच्यांपुरतं दाखवायचं असेल तर फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक द्या. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि आधीच धूसर असलेले चेहरे ओळखू येईनासे होतात.