डोंगरातला पाचोळा डोंगरातच राहू द्या : फाल्गुन-चैत्रासाठी सल्ला

फाल्गुन लागला की कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, भुदरगड, आजरा आणि चंदगड तालुक्यांतील डोंगरउतारांवर ऐन, किंजळ, साग यांची पानगळ होऊन पाचोळ्याचा थर साठतो. याच दिवसांत तरवा, म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा, भाजण्यासाठी हा पाचोळा झाडून नेला जातो आणि पावसाळ्यात गवत चांगले फुटावे म्हणून काही ठिकाणी डोंगर पेटवले जातात. या दोन्ही गोष्टी यंदा शेतकऱ्यांनी टाळाव्यात.

न जळालेल्या रानात पाचोळा हाताने बाजूला करून पाहावा. वरची पाने कुरकुरीत असतात, त्याखाली अर्धवट कुजलेली, बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेली पाने लागतात आणि त्याच्याही खाली काळसर, भुसभुशीत माती असते. हा थर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या दीड-दोन पट पाणी धरू शकतो. मात्र त्याचे खरे काम तेवढ्यावर संपत नाही. उघड्या जमिनीवर थेंब आदळला की मातीचे कण सुटतात, बारीक छिद्रे बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन ओढ्याला लागते. पाचोळ्यामुळे थेंबाचा मार मातीला बसत नाही, उतारावरच्या पाण्याचा वेग मोडतो आणि गांडुळांनी व कुजलेल्या मुळांनी केलेल्या वाटांनी पाणी खाली उतरते. जांभ्यावरची माती बहुतेक ठिकाणी उथळ असल्याने एकदा वाहून गेलेला थर पुन्हा तयार व्हायला पिढ्या जातात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांना मिळणारे झरे आणि पायथ्याच्या विहिरी याच मुरलेल्या पाण्यावर टिकतात. खात्री करायची असल्यास जळालेल्या आणि न जळालेल्या जागेवर एकेक तांब्या पाणी ओतून पाहावे.

राखेमुळे पोटॅश मिळते हे खरे आहे, परंतु उतारावरची राख पहिल्या वळवातच धुऊन जाते आणि पानांतील बहुतांश नत्र धुरातून आधीच गेलेले असते. शिवाय राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे.

तरवा भाजण्यामागे तण मारण्याचा हेतू असतो, आणि तो चुकीचा नाही. ज्यांच्याकडे पाण्याची सोय आहे त्यांनी वाफ्याला आधीच पाणी देऊन तण उगवू द्यावे व कुळवून काढावे. त्यानंतर गादीवाफे करून कुजलेले शेणखत आणि भाताच्या तुसाची राख मिसळावी. बियाणे 3 टक्के मिठाच्या द्रावणात, म्हणजे 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून, बुडवावे. वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत आणि राहिलेले बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे.

आच्छादनासाठी रानातल्या पाचोळ्याची गरजही नाही, कारण ऊसपट्ट्यात पाचट मुबलक आहे. तोडणीनंतर ते न जाळता सरीत पसरावे, बुडखे मोकळे ठेवून जमिनीलगत छाटावेत आणि पाचटावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. युरिया वगळू नये. वाळल्या पाल्यात कर्ब जास्त व नत्र कमी असल्याने कुजवणारे जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यांतून फुटलेला ऊस, काही काळ पिवळा दिसतो. मग दोष पाचटाला दिला जातो.

काजू आणि आंब्याच्या बागेत झाडांचीच गळलेली पाने आळ्यात दोन-तीन इंच जाडीने पसरावीत, मात्र खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडावी. गगनबावड्यासारख्या अतिपावसाच्या भागात खोडाला भिडलेला ओला पाला साल कुजवतो, तर उन्हाळ्यात तिथेच वाळवी लागते. उताराच्या बागेत आळ्याच्या खालच्या बाजूला दगडांची अर्धगोल ताल (छोटा बांध) रचावी, नाहीतर पाला पहिल्याच मोठ्या सरीबरोबर खालच्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बसतो. रानाला लागून असलेल्या बागांनी हे आच्छादन पसरण्यापूर्वी कडेने दहा-बारा फूट रुंद पट्टा गवत काढून साफ ठेवावा आणि निघालेले गवत तिथेच न पेटवता खताच्या खड्ड्यात टाकावे.