गेमिंग पीसी जुळवताय? एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या भागावर) कंजुषी नको

हात आखडायचाच तर केसच्या, म्हणजे पीसीच्या बाहेरच्या डब्याच्या, रंगीबेरंगी दिव्यांवर आखडा. गोव्यात पावसाळा लागला की वीज सारखी ये-जा करते. केससोबत फुकट आलेला एसएमपीएस अशात जळाला तर महागडं ग्राफिक्स कार्डही सोबत नेऊ शकतो. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ हा शिक्का वीजबचतीचा, सुरक्षेचा नव्हे. म्हणून खोक्यावर ओव्हर-व्होल्टेज आणि शॉर्ट-सर्किट संरक्षण लिहिलंय का, तेही वाचा. १०८० पिक्सेलवर (फुल एचडी) खेळायला सहा कोअरचा प्रोसेसर सहसा पुरतो, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. रॅम १६ जीबीची एकच पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन लावा, ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी चालून वेग वाढतो. कळंगुट-कोलव्याकडे राहत असाल तर पीसी समुद्राकडच्या खिडकीत मांडू नका. पंखे खारी हवा थेट आत ओढतात.